शिकार ‘झाली’ म्हणजे काय झालं?

केडगाव म्हटलं की आपल्यापैकी अनेकींना पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आठवतं. ते केडगाव दौंड तालुक्यातलं. मी लिहिते आहे ते दुसरं, नगर शहराला पुणे रस्त्यावर चिकटलेलं, रेणुकामातेच्या देवळाचं केडगाव. गेली सहा-सात वर्षं या भागातल्या बायकांच्या तक्रारी घेऊन मी पोलीस ठाण्याच्या आणि तहसिलीच्या पायऱ्या चढते आहे. जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. आमच्या तोंडात अजून नगरच बसलेलं आहे.

गोष्ट नवरात्रातली. (बाईची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) देवीच्या यात्रेत पिना, टिकल्या, फुगे विकायला एक पारधी बाई बसली होती. रात्री आपल्या पालाकडे निघाली, तेव्हा मोटारसायकलवरच्या दोघांनी तिचा पाठलाग केला आणि अंधारात तिला गाठलं. तिने एकाच्या हाताचा कडकडून चावा घेतला, दुसऱ्याच्या डोळ्यांत माती फेकली आणि आरडाओरडा करत सुटली. डोक्याला खोक पडली, दिवसभराच्या विक्रीचे पैसे गेले. पोलीस ठाण्यात तिला पहिला प्रश्न विचारला गेला, “एवढ्या रात्री तू तिथे काय करत होतीस?” आणि दुसरा, “पैसे तुझेच होते कशावरून?” तक्रार लिहून घेईपर्यंत तिसरा दिवस उजाडला.

आमच्या गटाने वर्तमानपत्रांसाठी निवेदन तयार केलं. एका तरुण कार्यकर्तीने मथळा दिला, ‘नराधमांच्या वासनेची शिकार ठरलेल्या पारधी महिलेला न्याय द्या!’ आम्हा सगळ्यांना तो ठीक वाटला. खरं सांगायचं तर जोरदार वाटला. आमच्याकडे एक पद्धत आहे. कुठलाही कागद बाहेर जाण्याआधी तो ज्या बाईबद्दल आहे तिला वाचून दाखवायचा. तसा तो वाचला. ती ऐकत होती, मग म्हणाली,

“ताई, शिकार म्हंजी मारून आणलेलं जनावर ना? मी तर मेले न्हाई. तो बोंबलत पळाला.”

जरा थांबून पुन्हा म्हणाली, “आन् तिथंच पारधी बी लिवलंय. म्हंजी शिकार करणारी मीच, आन् शिकार बी मीच?”

आम्ही हसलो. ती हसली नाही. कागद तिथेच राहिला. त्या रात्री मला झोप लागली नाही. पोलिसांनी तिला काय विचारलं याचा राग आम्हाला चटकन आला होता. पण आम्ही स्वतः तिच्याबद्दल काय लिहिलं हे आम्हाला दिसलं नव्हतं, ते तिने दाखवावं लागलं.

तेव्हापासून हा एक शब्द माझ्या मागे लागला आहे. मराठीत शिकारीला तीन शब्द आहेत, आणि ते कोणी कोणासाठी वापरायचे हे जणू ठरलेलं आहे. राजा करतो ती मृगया. साहेब, सरदार, संस्थानिक करतात ती शिकार. हा शब्द फारसीतून आला, त्याच्यासोबत हत्ती, हाकारे, तंबू आणि भिंतीवर टांगलेली मुंडकी आली. आणि पालातला माणूस पोटासाठी करतो ती पारध. संस्कृत कोशांत शिकारीला ‘पापर्द्धि’ असा एक शब्द सापडतो. पाप अधिक ऋद्धी, म्हणजे पापाची वाढ. अभ्यासक ‘पारध’ची व्युत्पत्ती तिथपर्यंत नेतात. राजाच्या शब्दात वैभव आणि पालातल्या माणसाच्या शब्दात पाप! कोल्हापूर संस्थानात पाळलेले चित्ते सोडून काळविटांची शिकार चाले, त्याची छायाचित्रं आजही कौतुकाने पाहिली जातात. तेच काळवीट फाशात धरणाऱ्याचं छायाचित्र काढलं गेलं ते गुन्हेगार म्हणून.

आणि हे तिन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत, हे तुमच्या लक्षात आलंय का? ती मृगया, ती शिकार, ती पारध. करणारा मात्र तो शिकारी, तो पारधी. ‘शिकारीण’ हा शब्द तुम्ही उभ्या आयुष्यात कितीदा ऐकलात? शिवाय ‘शिकार’ या शब्दाची आणखी एक गंमत आहे. शिकार करणं ही क्रियाही शिकार आणि मारलेलं जनावरही शिकार. ‘शिकारीला गेला’ आणि ‘शिकार घेऊन आला’. म्हणून ‘ती शिकार झाली’ या वाक्यात मारणारा कुठेच दिसत नाही. पाऊस झाला, रात्र झाली, तशी ती शिकार झाली. कोणी केली? वाक्य सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही.

‘सावज’चं तर आणखी नवल. हा शब्द ‘श्वापद’वरून आला. श्वापद म्हणजे हिंस्र जनावर, ज्याचं भय वाटावं असं. घसरत घसरत त्याचा अर्थ झाला, ज्याला मारायचं ते. ज्याला घाबरायचं त्यालाच मारायचं, आणि मारायचं म्हणून त्याला आधी भयंकर ठरवायचं. पारध्यांच्या बाबतीत नेमकं हेच झालं, ते पुढे येईलच.

बाईबद्दलची आपली रोजची भाषा घ्या. तो टपून बसला, त्याने नेम धरला, सावज हेरलं, ती जाळ्यात सापडली, गळाला लागली, फशी पडली. फास आणि फसणं हे शब्द तर बहिणी-बहिणीच वाटतात. इथे पुरुषाची हुशारी आणि बाईचा भोळेपणा. आता उलटं बघा. बाईचं प्रेम जमलं आणि मुलगा बऱ्या घरचा निघाला की गाव म्हणतं, “तिने त्याला जाळ्यात ओढलं.” म्हणजे बाईच्या हातात जाळं दिलं जातं ते फक्त तिला दोष देण्यापुरतं. पुरुषाने केली तर मर्दुमकी, तिने केली तर कारस्थान. आणि कुठल्याही वाक्यात दोन माणसं एकमेकांना भेटली असं नाही!

हे काही वर्तमानपत्रवाल्यांनी आणलेलं नाही. फार जुनं आहे. मनुस्मृतीत राजाची व्यसनं मोजली आहेत. कामातून उपजणाऱ्या व्यसनांत मृगया आहे, जुगार आहे, मद्य आहे आणि त्याच यादीत स्त्रिया आहेत. बाई आणि हरीण एकाच रकान्यात. कालिदासाचं शाकुंतल आपण शाळेत प्रेमकथा म्हणून शिकलो. ते सुरू होतं शिकारीने. दुष्यंत हरणाचा पाठलाग करत आश्रमाशी येतो. तपस्वी आडवे येतात, हे आश्रमाचं हरीण आहे, मारू नकोस म्हणतात, आणि राजा बाण खाली घेतो. हरीण वाचतं. पुढे तोच राजा त्याच आश्रमातल्या मुलीला वचन देऊन निघून जातो, विसरतो, आणि भर दरबारात तिला ओळखत नाही. नाटकात त्याला शापाची सबब मिळते. हरणासाठी आडवं यायला माणसं होती. शकुंतलेसाठी कोण आडवं आलं? मला हा प्रश्न शाळेत कोणी विचारला नाही, आणि मलाही सुचला नाही.

आता पारध्यांकडे येते. आपल्या बैठकांत या समाजाबद्दल बोलताना चांगल्या चांगल्या कार्यकर्त्या चाचपडतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. फासे पारधी, गाय पारधी, चित्ता पारधी, हरण शिकारी, टाकणकर अशी यांची नावं. बहुतेक नावं हत्याराची किंवा जनावराची आहेत. फासे लावून तितर, लावे, ससे, हरणं धरणारे ते फासे पारधी. गाईबैलाच्या आडोशाने सावजाजवळ सरकणारे ते गाय पारधी. टाकणकरांनी तर जात्याला टाकी लावायचं काम धरलं, म्हणजे आपल्या आज्यांच्या दळणाशी त्यांचा संबंध. आडनावं मात्र पवार, काळे, भोसले, चव्हाण, शिंदे, जी तुमच्या-माझ्या शेजारीही आहेत. घरात गुजरातीच्या जवळची बोली, बाहेर मराठी.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ आणि १९२४ च्या कायद्यांनी त्याचा फास आणखी आवळला. जन्माला आलेलं मूल पाळण्यातच गुन्हेगार. हजेरी, परवाने, बोटांचे ठसे. सोलापूरला सेटलमेंट उभी राहिली, तारेच्या कुंपणात बायकामुलांसकट माणसं ठेवली गेली आणि गिरणीत कामाला लावली गेली. या सगळ्या काळात एक वेगळी वाट दिसते ती कोल्हापूरला. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात हजेरी बंद केली आणि फासे पारध्यांना विश्वासाची कामं दिली. बाकी देशाला तिथे पोचायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. पण कायदा गेला आणि लगेच ‘सराईत गुन्हेगारां’चे कायदे आले. १९९८ साली बारामतीत पिन्या हरी काळे या पारधी माणसाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी, लक्ष्मण गायकवाड यांनी भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी कृतिगट उभा केला. तरीही नगर जिल्ह्यात कुठे दरोडा पडला की पहाटे पहिली गाडी पालावरच येते. पुरुष रात्रीच रानात पळालेले असतात. पालावर सापडतात त्या बायका. त्यांनाच उचलून नेतात, म्हणजे नवरा हजर होईल. शिकारीच्या भाषेत याला काय म्हणतात? आमिष.

पालावरच्या एका म्हाताऱ्या आजींना मी विचारलं, तुम्ही कधी शिकार केलीत का? त्या म्हणाल्या, “फास लावायचा बाप्यानं. म्या पाखरं घिऊन गावात इकायची. पाटलाच्या वाड्यावर तितर द्यायची, पायलीभर जवारी आणायची. तितर खाणारा पाटील, आन् पाप आमच्या नावावर.” त्यांच्या सुनेने तितर जिवंत पाहिलेलाच नाही. ती शेत राखते, ऊस खुरपते, लग्नसराईत फुगे विकते. नातीने हरीण पाहिलं ते शाळेच्या सहलीत, कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीच्या अभयारण्यात. तीन पिढ्या झाल्या, शिकार संपली, पण शब्द काही अंगावरून उतरत नाही.

इथे गैरसमज नको. शिकार पुन्हा सुरू करा असं मी म्हणत नाही. रेहेकुरीला १९८० साली अभयारण्य झालं आणि काळवीट राहिलं, याचा मलाही आनंद आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या आहे, ती एकदा नीट वाचा. नुसतं मारणं म्हणजे शिकार नव्हे. पाठलाग करणं, फास लावणं, सापळा लावणं, हाकून नेणं, आमिष दाखवणं, जखमी करणं, हे सगळं शिकारच. आणि मारण्याचा, पकडण्याचा, पाठलागाचा प्रत्येक प्रयत्नसुद्धा. प्राणी निसटून गेला तरी गुन्हा झाला.

आता बाईकडे या. पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा म्हणून आपल्या दंडसंहितेत आला तो २०१३ साली, दिल्लीच्या घटनेनंतर, वर्मा समितीच्या शिफारशींवरून. हरणानंतर ४१ वर्षांनी! आणि आला तोही कसा? तिने स्पष्टपणे नको म्हटल्यावरही पुरुषाने वारंवार मागे लागलं पाहिजे. पहिल्या खेपेला गुन्हा जामीनपात्र. भारतीय न्याय संहितेत, १ जुलै २०२४ पासून, हेच कलम ७८ म्हणून पुढे चालू आहे. काळविटामागे कोणी एकदा धावला तरी पुरे. बाईने मात्र पुन्हा पुन्हा धाववून घ्यायचं. अंगाला हात लागला तर दुसरं कलम आहे, विनयभंगाचं. त्या शब्दावर तर वेगळा लेख लिहावा लागेल. भंग झाला तो म्हणे तिच्या विनयाचा, डोक्याला पडलेल्या खोकेचं काय?

या बाईच्या प्रकरणात आम्हाला आणखी एक गोष्ट शिकायला मिळाली. ती सगळ्या गटांनी लक्षात ठेवावी. महाराष्ट्रात पारधी अनुसूचित जमातीत येतात. म्हणजे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. आम्हाला ठाण्यात सांगितलं गेलं, “आधी जातीचा दाखला आणा, मग बघू.” २०१८ च्या दुरुस्तीने तर स्पष्टच केलं आहे की गुन्हा नोंदवण्यासाठी प्राथमिक चौकशीची गरज नाही. आम्ही तो कागद समोर ठेवला, तेव्हा कलम लागलं. दाखल्याची लढाई अजून चालू आहे. जमातीच्या दाखल्याला १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. जी माणसं पालं घेऊन फिरत होती, त्यांचा कुठला सातबारा आणि कुठला शाळेचा दाखला? त्या काळी यांची नावं नेमाने लिहून ठेवणारं एकच दप्तर होतं, हजेरीचं. ज्या शब्दाने ठाण्यात पहिल्या मिनिटाला ती संशयित ठरते, तोच शब्द सवलतीच्या वेळी सिद्ध करून दाखवावा लागतो. चोर म्हणायला पारधी, दाखला द्यायला मात्र “कशावरून पारधी?”

एवढं लिहिलं म्हणजे पालावर सगळं गोड आहे असं नाही, आणि ते लपवण्यात कुणाचंच भलं नाही. बाईच्या चारित्र्याचा न्याय जातपंचायत करते, आणि तो कसा करते हे आपण पाहिलं आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये परंड्याच्या बाजूला नवऱ्याने बायकोला उकळत्या तेलातून नाणं काढायला लावलं, त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली. तिने सांगितलेलं खरं आहे की खोटं, हे तिच्या हातावरच्या फोडांनी ठरवायचं! सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा २०१७ पासून अमलात आहे, पण पंचांविरुद्ध तक्रार करायची तर बाईला त्याच ठाण्यात जावं लागतं जिथे तिला आधीच चोर ठरवलेलं आहे. ती जाईल कशी? बाहेरून पोलीस, आतून पंच, आणि रस्त्यावर मोटारसायकलवाले. आमच्या बाईनेही आधी आम्हाला हेच विचारलं होतं, “तक्रार केली तर आमच्या पंचांना कळंल का?” अंधारातल्या त्या दोघांपेक्षा तिला पंचांची भीती जास्त होती. आपल्या काही मैत्रिणी म्हणतात, तो त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे, बाहेरच्यांनी बोलू नये, आधीच बदनाम समाज आहे. बदनामीची त्यांची काळजी मला समजते. पण तेलात हात घालणारी बाई ‘अंतर्गत’ असते का? आणि हेही तितकंच खरं की तेलाची चित्रफीत पाहून हळहळणाऱ्या आपण त्या बाईला घरकामाला ठेवताना आडनावाआधी जात विचारतो.

निवेदन शेवटी तिच्यासमोर बसूनच पुन्हा लिहिलं. पहिलं वाक्य असं झालं: ‘दोन पुरुषांनी यात्रेहून परतणाऱ्या एका विक्रेत्या बाईचा पाठलाग केला, तिला अडवलं, मारलं आणि तिचे पैसे हिसकावले, तिने प्रतिकार करून स्वतःची सुटका केली.’ करणारे आधी आले. जात कुठे लिहायची यावर बराच वाद झाला. काहींचं म्हणणं, जात काढूनच टाकू. मग अत्याचार प्रतिबंधक कायद्याची मागणी कशाच्या जोरावर करणार? शेवटी तिनेच सोडवलं. म्हणाली, “माझ्याफुडं नका लावू. पोलिसांनी तीन दिस का लावलं, तितं लिवा.” तसंच केलं. पारधी असल्यामुळे तक्रार घ्यायला विलंब झाला, असं वाक्य खाली आलं. इतकी वर्षं निवेदनं लिहिते आहे, पण जात हे बाईचं विशेषण नसून अन्यायाचं कारण आहे, हे इतकं साध्या रीतीने मला कुणी शिकवलं नव्हतं. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातही नाही.

मग आम्ही कार्यालयातले जुने अहवाल काढले. पाच वर्षांच्या अहवालांत ‘शिकार’, ‘बळी’, ‘भक्ष्य’, ‘सावज’ किती ठिकाणी आहे ते लाल पेनने खुणा करत बसलो. पानंच्या पानं लाल झाली. यातले कित्येक परिच्छेद मीच लिहिलेले. ‘हुंडाबळी’ हा शब्द आला तेव्हा मात्र आम्ही अडलो. या शब्दानेच तर आपण रस्त्यावर उतरलो होतो, स्टोव्हच्या भडक्यांना अपघात म्हणणाऱ्यांना याच शब्दाने गप्प केलं होतं. जी खरोखर मारली गेली तिला बळी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? एकीने सुचवलं, ‘हुंड्यासाठी केलेला खून’. दुसरी म्हणाली, ते कोर्ट ठरेपर्यंत लिहिता येत नाही. वाद तिथेच अर्धवट राहिला आहे. तुमच्या गटात याबद्दल काय वाटतं ते जरूर कळवा.

आमचं निवेदन एका वर्तमानपत्रात छापून आलं, आतल्या पानावर. मजकूर बहुतेक आमचाच होता. मथळा त्यांचा होता, ‘पारधी महिला वासनेची शिकार’. आम्ही संपादकांना पत्र पाठवलं, उत्तर आलेलं नाही. मी तो अंक घेऊन पालावर गेले होते. तिच्या मुलीने, सहावीतल्या, मथळा अक्षर लावून मोठ्याने वाचला. बाईने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “चावल्याचं लिवलंय का?”

चौथ्या ओळीत होतं. तेवढंच तिने पुन्हा वाचून घेतलं.